विश्लेषण : वकील दाव्यांतून घडतात, व्यवहारांचे काय? लॉ कॉलेजांत ‘व्यवहार क्लिनिक’ का हवे?

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन सोहळ्यात ‘प्राडा’ या इटालियन कंपनीने कोल्हापुरी चपलांसारखी पादत्राणे मंचावर आणली आणि महाराष्ट्रात संताप उसळला. कोल्हापुरीला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे; महाराष्ट्र आणि कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्हे त्यात येतात. प्रकरण जनहित याचिकेच्या रूपाने मुंबई उच्च न्यायालयात गेले. मानांकनाची नोंदणी दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावे आहे, दाद मागायची तर त्यांनी मागावी, अशा आशयाचे कारण देत न्यायालयाने जुलैमध्ये याचिका फेटाळली. डिसेंबरमध्ये याच महामंडळांशी ‘प्राडा’चा सामंजस्य करार झाला आणि काही मर्यादित जोड या भागातच बनवण्याचे ठरले. वाट निघाली ती वाटाघाटीतून.

अशा साखळीच्या शेवटच्या टोकाला कारागीर असतो. माल पुरवताना तोही कुठल्यातरी कागदावर सही करतो. माल नाकारला गेला तर चामड्याचा खर्च कोणाचा? पैसे किती दिवसांत मिळणार? तोच नमुना दुसऱ्या व्यापाऱ्याला विकता येईल का? हे प्रश्न त्याच्या बाजूने विचारणारा वकील सहसा त्याच्याजवळ नसतो. असे वकील घडवण्याची एक पद्धत जगात रुळलेली आहे. तिला व्यवसाय आणि व्यवहारविषयक क्लिनिक म्हणतात. आपल्या कायदा शिक्षणात तिला अजून जागा का नाही आणि ती कशी करता येईल, हे पाहायला हवे.

व्यवहार क्लिनिक म्हणजे काय?

लॉ कॉलेजातले क्लिनिक हे नाव दवाखान्यावरून आले. वैद्यकीय विद्यार्थी जसा अनुभवी डॉक्टरच्या देखरेखीखाली खऱ्या रुग्णावर शिकतो, तसा कायद्याचा विद्यार्थी अनुभवी वकिलाच्या देखरेखीखाली खऱ्या पक्षकाराचे काम करतो. त्या कामाला श्रेयांक म्हणजे क्रेडिट मिळतात आणि पक्षकाराकडून फी घेतली जात नाही.

बहुतेक क्लिनिके दाव्यांची असतात. भाडेकरूचा तंटा, जामीन, पोटगी, पेन्शन अशी कामे त्यांच्याकडे येतात. व्यवहार क्लिनिकात भांडण नसते. दोघांना भागीदारी करायची आहे, बचत गटाला मोठ्या दुकानाशी पुरवठा करार करायचा आहे, दहा शेतकऱ्यांना कंपनी काढायची आहे, एखाद्या कलावंताला आपल्या चित्राच्या वापराची परवानगी द्यायची आहे, असे लोक तिथे येतात. विद्यार्थी त्यांची गरज समजून घेतो, व्यवसायाचा प्रकार निवडायला मदत करतो, कराराचा मसुदा करतो, समोरच्या पक्षाशी बोलतो, नोंदणी आणि मुद्रांक शुल्काची यादी करतो.

दाव्याचा वकील घडून गेलेल्या गोष्टीचा पुरावा जमवतो. व्यवहाराच्या वकिलाला अजून न घडलेल्या गोष्टींची कल्पना करावी लागते. भागीदार वारला तर? पाऊस पडला नाही तर? माल वाटेत भिजला तर? शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असे आपण म्हणतो, पण ती पायरी चढावी लागू नये म्हणून आधी काय लिहून ठेवायचे, हे शिकवणारा तास वेळापत्रकात क्वचितच दिसतो.

ही कल्पना आली कुठून?

अमेरिकेत जेरोम फ्रँक यांनी १९३३ मध्ये ‘क्लिनिकल लॉयर स्कूल का नको?’ असा थेट प्रश्न विचारणारा लेख लिहिला. फ्रँक पुढे संघराज्याच्या अपील न्यायालयाचे न्यायाधीश झाले. फक्त छापील निकाल वाचून वकील होणे म्हणजे रुग्ण न पाहता डॉक्टर होण्यासारखे आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होता. पण कल्पनेला बळ मिळाले ते १९६८ नंतर, फोर्ड फाउंडेशनच्या पैशातून. तो काळ नागरी हक्कांच्या चळवळीचा होता. त्यामुळे साहजिकच गरिबांचे खटले हेच क्लिनिकचे मुख्य काम झाले.

व्यवहार क्लिनिके नंतर, प्रामुख्याने १९८० आणि १९९० च्या दशकांत वाढली. रोनाल्ड गिल्सन यांचा १९८४ चा ‘येल लॉ जर्नल’मधला लेख या संदर्भात नेहमी सांगितला जातो. व्यवसायाचा वकील नेमकी कोणती भर घालतो, हा त्यांचा प्रश्न होता. चांगला वकील दोन पक्षांतला अविश्वास, माहितीची तफावत आणि व्यवहाराचा खर्च कमी करतो आणि त्यामुळे एरवी न झालेला व्यवहार होऊ शकतो, असे त्यांचे उत्तर होते. दुसरीकडे, गरीब वस्त्यांना खटल्यांइतकीच दुकाने, घरे आणि रोजगार उभे करण्यासाठी वकिलांची गरज आहे, असे वस्ती विकासाच्या चळवळीतले लोक सांगू लागले होते. व्यवहार क्लिनिक या दोन्ही प्रवाहांतून आले.

शिकागो विद्यापीठात १९९८ पासून अल्प उत्पन्न गटातील उद्योजकांसाठी असे क्लिनिक चालते. खाद्यपदार्थांच्या हातगाड्यांना शहरात परवानगी मिळावी यासाठी या क्लिनिकने विक्रेत्यांच्या संघटनेबरोबर काम केले आणि २०१५ मध्ये शिकागोच्या नगर परिषदेने तसा नियम केला. ते चालवणाऱ्या संस्थेची भूमिका सरकारी नियंत्रणे कमी करण्याची आहे, हेही लपलेले नाही. क्लिनिक कोणते पक्षकार निवडते यावरून त्याचा कल ठरतो. हा मुद्दा आपल्यालाही पुढे लागेल.

आज अमेरिकन बार असोसिएशनच्या मानकांनुसार पदवीसाठी किमान सहा क्रेडिट अनुभवाधारित अभ्यासक्रमातून मिळवावे लागतात. क्लिनिक हा त्यातला एक मार्ग आहे.

आपल्या अभ्यासक्रमात काय आहे?

कागदावर बरेच आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या कायदा शिक्षण नियमांत चार क्लिनिकल विषय सक्तीचे आहेत. मसुदालेखन आणि दस्तलेखन, व्यावसायिक नीतिमत्ता, पर्यायी वाद निवारण, आणि अभिरूप न्यायालय व इंटर्नशिप. पहिल्या विषयात खरेदीखत, गहाणखत, भाडेपट्टा, बक्षीसपत्र, वचनचिठ्ठी, मुखत्यारपत्र, मृत्युपत्र, विश्वस्तपत्र असे दस्त आहेत. मसुद्याचे किमान १५ आणि दस्तांचे किमान १५ सराव अपेक्षित आहेत. प्रत्येक सरावाला ३ गुण, म्हणजे दोन्हींचे मिळून ९० आणि तोंडी परीक्षेचे १०. शिवाय तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवड्यांची इंटर्नशिप आहे. प्रत्येक संस्थेने ज्येष्ठ अध्यापकाच्या देखरेखीखाली विधी सहाय्य क्लिनिक चालवावे, असेही हेच नियम सांगतात.

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा आहे. त्यातील कलम ४ नुसार क्लिनिकल शिक्षणाचे कार्यक्रम बार कौन्सिलशी सल्लामसलत करून आखणे आणि महाविद्यालयांतील विधी सेवा क्लिनिकना मार्गदर्शन करणे हे राष्ट्रीय प्राधिकरणाचे काम आहे. त्यामागे न्या. कृष्ण अय्यर समितीचा १९७३ चा अहवाल, १९७६ च्या घटनादुरुस्तीने आलेले अनुच्छेद ३९-अ आणि न्या. भगवती व न्या. अय्यर यांचा १९७७ चा अहवाल, अशी परंपरा आहे.

या परंपरेत विधी सहाय्याचा अर्थ मुख्यतः कोर्टातली मदत असाच राहिला. कायद्याची व्याख्या मात्र तेवढी अरुंद नाही. ‘विधी सेवा’ या संज्ञेत खटल्यातील मदतीबरोबर कोणत्याही कायदेशीर बाबीवर सल्ला देणेही येते. आणि कलम १२ नुसार स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, औद्योगिक कामगार, अपंग व्यक्ती या सेवेस पात्र आहेत. म्हणजे बचत गटातली महिला पुरवठ्याचा करार घेऊन तालुका विधी सेवा समितीकडे गेली आणि ‘यावर सही करू का?’ असे विचारले, तर तो सल्ला मागण्याचा तिला आजही हक्क आहे. तशी मागणी येत नाही, कारण हा हक्क आहे हेच कोणी तिला सांगितलेले नाही.

मग कमी काय पडते?

सरावासाठी दिलेल्या खरेदीखतात जमिनीची चतुःसीमा प्रश्नातच लिहिलेली असते. विक्रेता खरेच मालक आहे, बहिणीचा हिस्सा राहिलेला नाही, बोजा नाही, हे गृहीत असते. विद्यार्थी मागच्या वर्षीच्या वहीतून नमुना उतरवतो आणि ३ पैकी २ गुण घेतो. नमुना येणे गरजेचेच आहे. पण पक्षकार समोर बसल्यावर गृहीत काहीच नसते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. सातारा जिल्ह्यातल्या दोन मैत्रिणी मसाल्यांचा व्यवसाय करतात. एकीने दीड लाख रुपये घातले, दुसरीच्या घरात गिरणी आहे आणि पाककृती तिच्या सासूबाईंची आहे. त्या म्हणतात, ‘आम्हाला भागीदारी पत्र करून द्या.’ नमुना काढून नावे भरली तर काम दहा मिनिटांत होते. क्लिनिकातल्या विद्यार्थ्याला मात्र आधी विचारावे लागते. दीड लाख हे भांडवल की उसनवार? गिरणी फर्मची की घरमालकिणीची? वीजबिल कोण भरणार? एकीने काम सोडले तर ब्रँडचे नाव कोणाकडे राहणार? दुकानदाराशी उधारीचा व्यवहार एकटी करू शकते का? आणि सर्वांत अवघड, सासूबाईंना हे माहीत आहे का?

या प्रश्नांची उत्तरे लिहिली नाहीत, तर कायदा स्वतःची उत्तरे लिहितो. भारतीय भागीदारी कायदा १९३२ चा आहे. करारात काही नसेल तर त्यानुसार नफा-तोटा समान वाटला जातो, पैसे कोणी किती घातले याचा विचार न करता. एक भागीदार वारला तर, तसे न करण्याचे ठरले नसल्यास, फर्म विसर्जित होते. आणि फर्मची नोंदणी नसेल तर कलम ६९ मुळे ती दुकानदाराकडून करारातली थकबाकी वसूल करण्यासाठी दावाच लावू शकत नाही. महाराष्ट्राने तर १९८४ च्या दुरुस्तीने नोंदणी नसलेल्या फर्मच्या भागीदाराला विसर्जनाचा आणि हिशेबाचा दावा करण्यापासूनही रोखले होते. ती तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये घटनाबाह्य ठरवली. विद्यार्थी हे कलम परीक्षेसाठी पाठ करतोच. पण मसालेवाल्या मैत्रिणींना ते मराठीत समजावून सांगताना त्याला ते खरे कळते.

तिथे त्याला आणखी एक गोष्ट शिकावी लागते. दोघी एकत्र आल्या आहेत, पण दोघींचे हित एक नाही. पैसे घालणारीला हवे ते कलम गिरणीवालीच्या विरोधात जाऊ शकते. मग आपला पक्षकार कोण? व्यावसायिक नीतिमत्तेच्या पेपरात हितसंबंधांच्या संघर्षावर टीप लिहिता येते. इथे एकीला ‘तुम्ही दुसरा सल्लागार घ्या’ असे तोंडावर सांगावे लागते.

छोट्या व्यवहारांत वकील नसल्याने काय होते?

सही आधी होते आणि अर्थ नंतर कळतो. तीन ठिकाणी हे विशेष दिसते.

पहिले ठिकाण थकलेल्या बिलांचे. सूक्ष्म आणि लघू उद्योगांना संरक्षण देणाऱ्या २००६ च्या कायद्यानुसार खरेदीदाराने ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे असतात आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. काही ठरले नसेल तर १५ दिवस. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते, करारात काहीही लिहिलेले असले तरी. तरीही चाकण किंवा बुटीबोरीतला छोटा पुरवठादार मोठ्या कंपनीच्या छापील खरेदी आदेशावर ‘९० दिवसांनी देयक’ ही अट मान्य करून मोकळा होतो. ती अट कायद्यापुढे टिकत नाही, हे त्याला माहीत नसते. माहीत असले तरी बोलायची सोय नसते. शिवाय उद्योगाची नोंदणी पुरवठ्याआधीची हवी की नाही, या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेले आहेत. नोंदणी वेळेत करून घ्या, एवढा एका वाक्याचा सल्ला त्याला त्या वादापासून वाचवू शकतो.

दुसरे ठिकाण शेतकरी उत्पादक कंपन्यांचे. २००३ पासून कंपनी कायद्यात त्यांची सोय आहे आणि २०२० मध्ये केंद्राने दहा हजार संघटना उभ्या करण्याची योजना आणली. महाराष्ट्रात अशा कंपन्यांची संख्या मोठी आहे. किमान दहा उत्पादक आणि पाच संचालक जमले की कंपनी होते. पण पहिली वार्षिक सभा ९० दिवसांत घ्यायची असते, दरवर्षी ताळेबंद आणि वार्षिक विवरण भरायचे असते. उशीर झाला तर प्रत्येक अर्जामागे रोज १०० रुपये जादा शुल्क लागते. दोन अर्ज वर्षभर राहिले तर ७३ हजार रुपये होतात. डाळिंबाच्या किंवा सोयाबीनच्या एका हंगामाचा नफा त्यात जाऊ शकतो. सलग तीन वर्षे विवरणे न भरल्यास संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. हे सगळे कंपनी सचिव आणि सनदी लेखापाल सांभाळतात, पण त्यांची फी परवडेपर्यंत छोटी कंपनी थकलेली असते.

तिसरे ठिकाण जामिनकीचे. कर्जाच्या कागदात ‘जामीनदार’ म्हणून सही करणाऱ्याला वाटते, आधी कर्जदाराकडून वसुली होईल, मग आपल्याकडे येतील. करार कायद्याचे कलम १२८ सांगते की, वेगळे काही ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. धनको थेट त्याच्या दारात येऊ शकतो. शेतकरी कंपनीचे संचालक, बचत गटाच्या अध्यक्षा, पतसंस्थेच्या कर्जदाराचे शेजारी अशा कितीतरी जणांनी हा धडा वसुलीची नोटीस आल्यावर घेतला आहे.

या तिन्ही ठिकाणी लागणारे काम मोठे नाही. पण फी देणारा पक्षकार नाही, म्हणून ते वकिलाकडे पोहोचत नाही. लोक मुद्रांक विक्रेत्याकडे जातात, तिथल्या टायपिस्टकडचा तयार मसुदा घेतात आणि नोटरी करतात. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ मध्ये अनेक दस्तांचे किमान मुद्रांक शुल्क १०० वरून ५०० रुपये झाले. कागद महागला, त्यावरचा मजकूर मात्र जुनाच राहिला.

खरा अडथळा कोणता?

तो पैशाचा कमी आणि नियमांचा जास्त आहे. बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. १९७९ च्या केंद्रीय नियमांनी वकिलाला कायदा शिकवण्याची मुभा दिली, पण दिवसाला तीन तासांपर्यंतच. त्यामुळे पूर्णवेळ प्राध्यापक वकिली करू शकत नाही आणि वकिली करणारा पूर्णवेळ प्राध्यापक होऊ शकत नाही. वैद्यकीय महाविद्यालयातल्या शस्त्रक्रियेच्या प्राध्यापकाला शस्त्रक्रिया करायला बंदी आहे, अशी कल्पना करा. कायदा शिक्षणात आपण हे वर्षानुवर्षे चालवून घेतले आहे.

वाटेल कुणाला, की कोर्टात उभे राहायचेच नाही तर सनद कशाला? याचे उत्तर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २००९ मध्ये दिले. परदेशी लॉ फर्मच्या संपर्क कार्यालयांविरुद्धच्या त्या प्रकरणात न्यायालयाने म्हटले, की कोर्टाबाहेरचे सल्ला देण्याचे आणि मसुद्याचे कामही वकिलीच आहे आणि त्याला वकील कायदा लागू होतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हीच भूमिका मान्य केली. म्हणजे क्लिनिकचा सल्ला सनदधारकानेच द्यायला हवा. आणि क्लिनिकचा प्रमुख, म्हणजे पूर्णवेळ प्राध्यापक, सनदधारक म्हणून काम करू शकत नाही. अमेरिकेत बहुतेक राज्यांत विद्यार्थ्यांना देखरेखीखाली वकिली करू देणारे नियम आहेत आणि क्लिनिकचे अध्यापक स्वतः परवानाधारक असतात. आपल्याकडे दोन्ही बाजू बंद आहेत.

दुसरा अडथळा गोपनीयतेचा. पक्षकाराने वकिलाला सांगितलेल्या गोष्टींना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ चे संरक्षण आहे. ते वकिलाचे दुभाषी, कारकून आणि कर्मचाऱ्यांनाही लागू होते. विद्यार्थ्याचा उल्लेख त्यात नाही. मसाल्याची पाककृती किंवा घरातला पैशाचा तंटा विद्यार्थ्याला सांगणाऱ्या बाईला हे संरक्षण मिळते का, याचे स्पष्ट उत्तर नियमांत असायला हवे.

तिसरा अडथळा भाषेचा. शिक्षणाचे माध्यम बहुतांशी इंग्रजी, पुस्तके इंग्रजी आणि पक्षकार मराठी. ‘इंडेम्निटी’ आणि ‘गॅरंटी’ यातला फरक विद्यार्थी इंग्रजीत धडाधड सांगेल, पण मराठी दस्तात दोन्हींसाठी ‘हमी’ लिहून मोकळा होईल. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने राज्यांतील संस्थांना इंग्रजीबरोबर राज्यभाषेत कायदा शिक्षण देण्याचा विचार करायला सांगितले आहे. त्याची खरी कसोटी अशा क्लिनिकातच लागेल. आपल्याच कराराचे कलम पक्षकाराला वाचून कळले, तर मसुदा जमला.

धोके आणि आक्षेप कोणते?

पहिला आक्षेप तालुक्याच्या बारमधून येईल. तरुण वकिलाला सुरुवातीच्या वर्षांत दस्तांच्या कामाचाच आधार असतो. फुकटचे क्लिनिक त्याच्या पोटावर पाय देणार नाही का? आक्षेप खोटा नाही. म्हणून क्लिनिकचे पक्षकार मर्यादित हवेत. विधी सेवा कायद्याखाली पात्र असलेले, किंवा ज्यांना वकिलाची फी खरोखर परवडत नाही असेच. आणि देखरेखीचे काम स्थानिक वकिलांना योग्य मानधन देऊन द्यायला हवे, म्हणजे क्लिनिक त्यांचे प्रतिस्पर्धी होणार नाही.

दुसरा धोका उलट दिशेचा आहे. ‘व्यवसाय’ म्हटले की विद्यापीठांच्या डोळ्यांपुढे स्टार्टअप येतात. कॉलेजच्या इन्क्युबेशन केंद्रातले, गुंतवणूकदार मागे असलेले तरुण क्लिनिकात पहिल्या रांगेत बसतील आणि विद्यार्थ्यांनाही ते आवडतील, कारण त्या कामातून मोठ्या लॉ फर्मची नोकरी मिळते. तसे झाले तर सार्वजनिक पैशातून चालणारे क्लिनिक भांडवल असलेल्यांचे फुकटचे कायदा खाते होईल. ज्याला वकील मिळू शकतो त्याला क्लिनिकने रांगेत मागे ठेवले पाहिजे. शिकण्याच्या दृष्टीनेही तोटा नाही. पाच शेतकऱ्यांचा भाडेपट्टा आणि पाच कोटींचा गुंतवणूक करार यांत विचारायचे प्रश्न सारखेच अवघड असतात.

तिसरा धोका चुकीचा. विद्यार्थ्याने मुद्रांक शुल्क चुकीचे सांगितले आणि दस्त पुराव्यात घेतला गेला नाही, तर दंड कोण भरणार? यासाठी जबाबदारीचा विमा, देखरेख करणाऱ्या वकिलाची प्रत्येक कागदावर सही आणि ‘हे काम आम्ही करू, हे करणार नाही’ असे सुरुवातीलाच मराठीत लिहून देणारे पत्र लागेल. मुंबई-पुण्यातल्या गृहनिर्माण संस्थेचा पुनर्विकास करार घेऊन कोणी आले, तर क्लिनिकने तो करार करून देऊ नये. त्या व्यवहाराचा आकार वेगळा आहे. पण त्यातल्या भाड्याच्या, विलंबाच्या आणि बँक हमीच्या कलमांचा अर्थ सर्वसाधारण सभेला समजावून सांगता येईल.

आणि सेमिस्टर संपते तेव्हा पक्षकाराचा व्यवसाय संपत नाही. पुढच्या तुकडीला फाइल सोपवण्याची शिस्त नसेल तर मे महिन्यात क्लिनिकला कुलूप लागेल आणि उत्पादक कंपनीच्या विवरणाची तारीख चुकेल.

काय करता येईल?

बार कौन्सिलने फक्त क्लिनिकच्या कामापुरती पूर्णवेळ अध्यापकाला सनद वापरण्याची मुभा द्यावी आणि विद्यार्थ्याच्या गोपनीयतेच्या जबाबदारीचा नियम करावा. ही मागणी जुनी आहे आणि तिला वेळ लागेल. तोपर्यंत थांबायचे कारण नाही. बऱ्याच गोष्टी आहे त्याच नियमांत होऊ शकतात.

तीन तासांच्या मर्यादेत शिकवणारा वकील आजही नेमता येतो. त्याला तासिका तत्त्वावरचे तुटपुंजे मानधन न देता क्लिनिकचा मार्गदर्शक म्हणून नेमावे. दस्तलेखनाच्या १५ सरावांपैकी निदान पाच खऱ्या पक्षकारांचे असावेत, असे विद्यापीठाचे अभ्यास मंडळ ठरवू शकते. त्यासाठी दिल्लीला जावे लागत नाही. गुण किती कागद केले यावर न देता, कोणते प्रश्न विचारले, कोणते कलम का घातले आणि पक्षकाराला ते समजले का, यावर द्यावेत.

पक्षकार शोधायलाही यंत्रणा आहे. तालुका विधी सेवा समिती, जिल्हा उद्योग केंद्र, ‘उमेद’चे बचत गट आणि कृषी विभागाची उत्पादक कंपन्यांची यादी. जिल्ह्याच्या ठिकाणच्या लॉ कॉलेजने सुरुवातीला तीनच कामे घ्यावीत. भागीदारी पत्र आणि फर्मची नोंदणी, उत्पादक कंपनीचे वर्षाचे कायदेशीर वेळापत्रक, आणि सही करण्याआधी पुरवठा किंवा कर्जाचा करार वाचून देणे. कोल्हापूर किंवा सोलापुरात चौथे काम आपोआप येईल. भौगोलिक मानांकनाचे मालक महामंडळ असले, तरी कारागिराला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंद करता येते. त्याखाली येणारे हक्क त्याच्या स्वतःच्या नावे असतात आणि उल्लंघनाविरुद्ध दाद मागण्याची वाटही त्यातून खुली होते. अर्ज भरून देण्याएवढेच ते काम आहे, आणि एखाद्या चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला ते नीट जमेल.

दरवर्षी राज्यातल्या महाविद्यालयांतून हजारो विद्यार्थी वकील होऊन बाहेर पडतात. त्यातले सगळे कोर्टात उभे राहणार नाहीत, आणि जे राहतील त्यांच्याकडेही निम्मे पक्षकार न लिहिलेल्या किंवा न वाचलेल्या कागदामुळे येतील. एखाद्या कलमाचा अर्थ सही करण्याआधी समजावून सांगायला अर्धा तास लागतो. तोच अर्थ नंतर कोर्टाने लावायचा म्हटला तर किती वर्षे जातात, हे कोणत्याही जिल्हा न्यायालयाच्या आवारात उभ्या असलेल्या पक्षकाराला विचारावे. कायदा शिक्षणाने त्या अर्ध्या तासाची तयारी करून द्यावी, एवढीच ही मागणी आहे.